वजाबाकी करता येत नाही अशा ऑपरेटरांचे अभिसरण: ओळखायचे कसे आणि सिद्ध करायचे कसे

परभणीकडच्या, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला एकदा पुढील प्रश्न विचारला होता. तिने ० ते १ या अंतरालावर ‘उणे दुसरा अवकलज’ हा ऑपरेटर घेतला होता. डाव्या टोकाला फलनाची किंमत शून्य असावी ही एक अट होती, आणि उजव्या टोकाला ‘अवकलज अधिक न गुणिले फलनाची किंमत बरोबर शून्य’ ही दुसरी. “सर, न वाढत गेला की दुसऱ्या अटीतून ‘फलन शून्य’ एवढंच उरायला हवं, हे दिसतंय. पण दोन्हीकडे सूत्र एकच आहे. जी फलनं दोन्ही डोमेनमध्ये बसतात त्यांच्यावर वजाबाकी केली तर न कितीही असो, शून्यच येतं. मग जवळ येतंय ते काय, आणि मोजायचं कशानं?”

तिचा हिशेब बरोबर होता. दोन्ही डोमेनमध्ये असलेल्या फलनांवर फरक खरोखरच शून्य असतो, आणि तरीही ते दोन ऑपरेटर वेगळे असतात, कारण त्यांचे वेगळेपण सूत्रात नसून डोमेनमध्ये, म्हणजे ऑपरेटर ज्या फलनांवर लावायचा त्यांच्या संचात, असते. फंक्शनल ॲनालिसिसच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात नॉर्म, प्रबल आणि दुर्बल अशी तीन अभिसरणे शिकवली जातात, आणि त्या तिन्हींमध्ये ‘ट(न) उणे ट’ ही वजाबाकी गृहीत धरलेली असते. जिथे ती वजाबाकी निरर्थक ठरते तिथे सामान्यीकृत अभिसरण लागते. त्याची आजची मांडणी मुख्यत्वे जपानी गणितज्ञ तोसिओ काटो (१९१७–१९९९) यांच्या कामातून रूढ झाली. हा लेख ते अभिसरण प्रत्यक्ष हाताळायचे कसे, हे टप्प्याटप्प्याने दाखवण्यासाठी लिहिला आहे. त्या विद्यार्थिनीचे उदाहरण शेवटी पूर्ण सोडवू.

चिन्हे अशी: ट हा सीमा-ऑपरेटर, ट(न) हा क्रमिकेतला न-वा ऑपरेटर, क्ष हा सदिश. वर्गांची बेरीज सांत असलेल्या क्रमिकांच्या हिल्बर्ट अवकाशाला आपण वर्गात म्हणतो तसे ‘लिटल एल-टू’ म्हणू, आणि क-व्या जागी १ व इतरत्र ० असलेल्या सदिशाला इ(क).

पहिली पायरी: हिशेबाआधीची नोंद

कागदावर सर्वात आधी चार गोष्टी लिहाव्यात: अवकाश कोणता, ट परिबद्ध आहे (सदिशाची लांबी एका ठरावीक पटीपेक्षा जास्त वाढवत नाही) की नाही, प्रत्येक ट(न) चे डोमेन कोणते, आणि सीमेपर्यंत आपल्याला नेमके काय पोचवायचे आहे. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. समीकरणाचे उत्तर पोचवायचे असेल तर पुरेसे ठरणारे अभिसरण आयगेन मूल्यांसाठी अपुरे पडू शकते, आणि आयगेन मूल्यांसाठी पुरेसे ठरणारे अभिसरण काळानुसार बदलणाऱ्या समीकरणासाठी अपुरे पडू शकते. दोन्हींची उदाहरणे खाली येतील.

दुसरी पायरी: परिबद्ध ऑपरेटर असतील तर

सगळे ऑपरेटर परिबद्ध असतील आणि संपूर्ण अवकाशावर व्याख्यात असतील, तर प्रथम नेहमीची तीन अभिसरणे तपासावीत. ‖ट(न) − ट‖ शून्याकडे जात असेल तर नॉर्म अभिसरण. प्रत्येक क्ष साठी ट(न)क्ष हे टक्ष कडे जात असेल तर प्रबल अभिसरण. प्रत्येक क्ष आणि प्रत्येक य साठी ट(न)क्ष व य यांचे अंतर्गुणन टक्ष व य यांच्या अंतर्गुणनाकडे जात असेल तर दुर्बल अभिसरण.

पहिल्या दोहोंतला फरक आपल्याकडच्या कोणालाही कालव्यावरून पटकन कळतो. जायकवाडीचा डावा कालवा पैठणपासून २०८ किलोमीटर जातो. पाणी सोडल्यावर धरणाजवळच्या गावांना ते लवकर मिळते, टेलच्या गावांना उशिरा. आता हा कालवा अनंत लांबीचा आहे अशी कल्पना करा. कोणत्याही एका गावाचे नाव घ्या, त्याला पाणी कधी मिळेल तो दिवस सांगता येतो. हे प्रबल अभिसरण. परंतु ‘या दिवसानंतर एकही गाव कोरडे नाही’ असा एकच दिवस कधीच सांगता येत नाही. तसा सांगता आला असता तर ते नॉर्म अभिसरण झाले असते. या लेखातली जवळजवळ सगळी उदाहरणे टेलला काय घडते यावर ठरतात.

लिटल एल-टू वर डावीकडे सरकवणारा ऑपरेटर घ्या: तो पहिले पद टाकून देतो आणि बाकीची पदे एकेक जागा डावीकडे आणतो. त्याचा न-वा घात क्ष वर लावला तर उरलेल्या सदिशाच्या नॉर्मचा वर्ग म्हणजे न नंतरच्या पदांच्या वर्गांची बेरीज. अभिसारी मालिकेची ही शेपटी असल्यामुळे ती शून्याकडे जाते, म्हणून हे घात शून्याकडे प्रबलपणे अभिसरतात. मात्र इ(न+१) वर तोच घात लावला तर इ(१) मिळतो, ज्याची लांबी १ आहे. म्हणजे प्रत्येक घाताचा नॉर्म १ आणि नॉर्म अभिसरण नाही. उजवीकडे सरकवणाऱ्या ऑपरेटरचे घात लांबी अजिबात बदलत नाहीत, त्यामुळे ते शून्याकडे प्रबलपणेही जात नाहीत. पण सदिश टेलकडे ढकलला जात असल्याने कोणत्याही ठरावीक य बरोबरचे अंतर्गुणन मात्र शून्याकडे जाते, म्हणून दुर्बल अभिसरण आहे. हे दोन ऑपरेटर एकमेकांचे ॲडजॉइंट आहेत, म्हणजे अंतर्गुणनात एका बाजूचा ऑपरेटर दुसऱ्या बाजूला नेला की दुसरा मिळतो. तेव्हा ॲडजॉइंट घेतल्यावर प्रबल अभिसरण टिकेलच असे नाही, हेही याच उदाहरणातून कळते.

आता आधी न वेळा उजवीकडे आणि मग न वेळा डावीकडे सरकवा. प्रत्येक वेळी मूळ सदिश परत मिळतो. एक घटक प्रबलपणे शून्याकडे, दुसरा दुर्बलपणे शून्याकडे, आणि गुणाकार कायम एकक ऑपरेटर! ज्या सिद्धतेत दोन सीमांचा गुणाकार घेतला असेल तिथे दोन्ही अभिसरणे प्रबल आहेत ना, हे थांबून पाहावे. दोन्ही प्रबल असतील तर गुणाकारही प्रबलपणे अभिसरतो.

प्रबल अभिसरण सिद्ध करण्याची व्यवहारातली रीत बनाख आणि स्टाइनहाउस यांच्या १९२७ च्या प्रमेयावर उभी आहे. बनाख अवकाशावर प्रत्येक क्ष साठी ट(न)क्ष अभिसरत असेल तर सगळ्या ट(न) चे नॉर्म एकाच संख्येखाली राहतात. उलट दिशेने, नॉर्म असे बांधलेले असतील तर अभिसरण सगळीकडे तपासावे लागत नाही. इ(१), इ(२), इ(३) यांसारख्या, ज्यांचा विस्तार अवकाशात दाट आहे अशा सदिशांवर तपासले तरी भागते. तेव्हा आधी नॉर्मला वरची मर्यादा घाला आणि मग सोप्या सदिशांवर पाहा. पहिले काम विसरल्यास काय होते ते पाहा: ट(न) हा ऑपरेटर क्ष चे न-वे पद घेऊन त्याला न ने गुणतो आणि ते पहिल्या जागी ठेवतो. प्रत्येक इ(क) वर तो न हा क च्या पुढे गेला की शून्यच देतो. पण क-वे पद ‘क चा उणे पाऊण घात’ असलेला सदिश घेतला, तर त्याच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत आहे आणि ट(न) ची किंमत मात्र न च्या पाव घाताइतकी, म्हणजे वाढतच जाणारी. उत्तरपत्रिकांत ही चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि मर्यादा लिहिण्याची सवय लागली की ती आपोआप थांबते.

नॉर्म अभिसरण नाही हे दाखवायचे असेल तर दर न साठी एकक लांबीचा असा एक सदिश शोधावा, ज्यावर फरक मोठा राहतो. पहिली न पदे ठेवून बाकी शून्य करणारे प्रक्षेपण एकक ऑपरेटरकडे प्रबलपणे जाते, पण इ(न+१) वर फरक पूर्ण १ असतो. याच प्रक्षेपणापुढे एखादा कॉम्पॅक्ट ऑपरेटर (एकक लांबीच्या सदिशांना एका कॉम्पॅक्ट संचाच्या आत नेणारा) लावला, म्हणजे आधी कॉम्पॅक्ट ऑपरेटर आणि मग प्रक्षेपण, तर नॉर्म अभिसरण मिळते; कारण नॉर्म बांधलेले असताना प्रबल अभिसरण कॉम्पॅक्ट संचावर एकसमान होते. अनंत मितींचा प्रश्न सांत मॅट्रिक्सने सोडवता येतो त्यामागे मुख्यतः हीच गोष्ट आहे.

तिसरी पायरी: स्पेक्ट्रम हवा असेल तर सावधगिरी

ज्या संख्या ट मधून वजा केल्यावर परिबद्ध व्यस्त मिळत नाही त्यांचा संच म्हणजे ट चा स्पेक्ट्रम; आयगेन मूल्ये त्यातच येतात. वरच्या प्रक्षेपणांकडे पुन्हा पाहा. प्रत्येकाचा स्पेक्ट्रम ० आणि १. सीमेचा, म्हणजे एकक ऑपरेटरचा, स्पेक्ट्रम फक्त १. मधला ० हा प्रत्येक न साठी हजर आहे आणि सीमेत त्याचा मागमूस नाही. संगणकावर मॅट्रिक्स मोठी करत नेली आणि एखादे आयगेन मूल्य प्रत्येक वेळी त्याच जागी दिसले, तर ते खरे असेलच असे केवळ प्रबल अभिसरणाच्या आधारावर म्हणता येत नाही.

नॉर्म अभिसरण असेल तर असे भूत उभे राहत नाही. सीमेच्या स्पेक्ट्रमभोवती कितीही अरुंद पट्टा आखला तरी न मोठा झाल्यावर ट(न) चा सगळा स्पेक्ट्रम त्या पट्ट्यात येतो. पण उलट दिशेची हमी नाही. दोन्ही दिशांना अनंत असलेल्या क्रमिकांवर सरकवणारा ऑपरेटर घ्या, आणि एका ठरावीक जागेवरून पुढे जाताना मात्र १ ऐवजी १/न ने गुणा. न कितीही मोठा असला तरी याचा स्पेक्ट्रम एकक वर्तुळाचा फक्त परीघ असतो. सीमेत ते गुणक शून्य होते, साखळी तुटते आणि स्पेक्ट्रम एकदम संपूर्ण चकती होतो. दोहोंतला नॉर्ममधला फरक मात्र १/न एवढाच आहे. सेल्फ-ॲडजॉइंट, म्हणजे स्वतःच स्वतःचे ॲडजॉइंट असलेल्या, ऑपरेटरांत असे घडत नाही, आणि स्पेक्ट्रमच्या प्रश्नात सेल्फ-ॲडजॉइंट आहे की नाही ही नोंद पहिल्या ओळीत हवी असे मी म्हणतो ते यासाठीच.

चौथी पायरी: आलेखांमधले अंतर

आता मूळ विषय. ट परिबद्ध नसेल, डोमेन वेगवेगळी असतील, तर ऑपरेटरऐवजी त्याचा आलेख पाहायचा. ट चा आलेख म्हणजे (क्ष, टक्ष) अशा सगळ्या जोड्यांचा संच. ट संवृत असेल तर हा गुणाकार-अवकाशातला संवृत उपअवकाश असतो. दोन ऑपरेटरांची डोमेन कितीही वेगळी असली तरी त्यांचे आलेख एकाच मोठ्या अवकाशात बसतात, म्हणून त्यांची तुलना नेहमी करता येते.

दोन संवृत उपअवकाशांमधली ‘गॅप’ अशी मोजतात. पहिल्यातला एकक लांबीचा प्रत्येक सदिश घ्या, त्याचे दुसऱ्यापासूनचे अंतर काढा आणि अशा अंतरांची लघुत्तम वरची मर्यादा घ्या. मग भूमिका उलटवून तेच करा. दोन संख्यांपैकी मोठी ती गॅप. एकच बाजू मोजून थांबू नये, कारण पहिला उपअवकाश दुसऱ्याच्या आत असेल तर एका बाजूची संख्या शून्य येते आणि दोन्ही मात्र वेगळे असतात. हिल्बर्ट अवकाशात ही गॅप म्हणजेच त्या दोन उपअवकाशांवरच्या लंब प्रक्षेपणांच्या फरकाचा नॉर्म. ही कल्पना काटोंच्या आधीची, १९४० च्या दशकातल्या क्राइन, क्रास्नोसेल्स्की आणि मिलमन यांच्या कामातली आहे. ट(न) आणि ट यांच्या आलेखांमधली गॅप शून्याकडे गेली, की ट(न) हे ट कडे सामान्यीकृत अर्थाने अभिसरते असे म्हणतात.

व्याख्या वाचून हात चालत नाही, म्हणून डायगोनल ऑपरेटरांवर ती मोजून पाहू. लिटल एल-टू वर इ(क) ला अ(क) ने गुणणारा आणि ब(क) ने गुणणारा असे दोन वास्तव डायगोनल ऑपरेटर घ्या. पहिल्याचा आलेख म्हणजे प्रत्येक क साठी एका स्वतंत्र प्रतलातली, अ(क) एवढा चढ असलेली एकेक रेषा. दुसऱ्याचा तसाच, ब(क) चढाच्या रेषांचा. तेव्हा गॅप म्हणजे या रेषांमधल्या कोनांच्या साइनची लघुत्तम वरची मर्यादा, आणि एका क साठी ती साइन अशी येते:

|अ(क) − ब(क)| ÷ ( √(१ + अ(क)²) × √(१ + ब(क)²) )

शाळेतल्या भूमितीवर आधारलेले हे एवढेसे सूत्र सामान्यीकृत अभिसरणाचा सारा स्वभाव उघड करते. चढ फार मोठे असतील तर दोन्ही रेषा जवळजवळ उभ्या असतात, आणि त्यांच्या चढांत कितीही फरक असला तरी कोन लहानच राहतो. आता इ(क) ला क ने गुणणारा ऑपरेटर ट माना आणि पहिल्या न जागांवर ट(न) अगदी ट सारखाच ठेवा. टेलला, म्हणजे न नंतरच्या जागांवर, चार वेगवेगळ्या गोष्टी भरून पाहा.

टेलला क² भरला तर ट(न) आणि ट यांची डोमेन वेगळी आहेत आणि फरक अपरिबद्ध आहे, तरी साइन साधारण १/क एवढी असल्याने गॅप शून्याकडे जाते. टेलला सगळीकडे न हीच संख्या भरली तर ट(न) परिबद्ध होतो, आणि गॅप बरोबर १ ÷ √(१ + न²) येते. म्हणजे परिबद्ध ऑपरेटरांची क्रमिका अपरिबद्ध ऑपरेटरकडे अभिसरते, जे वजाबाकीच्या भाषेत मांडताच येत नाही. (उलट मात्र होत नाही: सीमा परिबद्ध असेल तर काही न नंतरचे ट(न) परिबद्धच असतात आणि अभिसरण नॉर्ममधले असते.) टेलला उणे क भरला तरी साइन २क ÷ (१ + क²) म्हणून शून्याकडेच जाते, कारण उभ्या रेषेला धन अनंत आणि ऋण अनंत यांतला फरक माहीत नसतो. आणि टेलला शून्य भरले, जे मॅट्रिक्स कापताना आपण नकळत करतो, तर साइन क ÷ √(१ + क²) होऊन १ कडे जाते, गॅप प्रत्येक न साठी १ राहते आणि सामान्यीकृत अभिसरण होत नाही. याच चौथ्या प्रकारात ० हे अनंत गुणकता असलेले खोटे आयगेन मूल्य होऊन बसते.

ही चार उदाहरणे वहीत स्वतः मांडावीत असा माझा आग्रह आहे, कारण नंतरची प्रमेये यांच्याशी ताडून पाहिली की लक्षात राहतात.

पाचवी पायरी: रिझॉल्व्हंटवर हिशेब

डायगोनल नसलेल्या ऑपरेटरांची गॅप थेट मोजणे सहसा जमत नाही. त्यासाठी काटो यांचे एक प्रमेय फार कामाचे आहे. स्पेक्ट्रमबाहेरच्या संख्यांचा संच म्हणजे रिझॉल्व्हंट संच, आणि त्यातल्या झ साठी (ट − झ) चा व्यस्त म्हणजे रिझॉल्व्हंट. ट संवृत असेल आणि त्याचा रिझॉल्व्हंट संच रिकामा नसेल, तर त्या संचातला कोणताही एक बिंदू झ निवडा. न पुरेसा मोठा झाल्यावर झ हा ट(न) च्याही रिझॉल्व्हंट संचात येत असेल, आणि (ट(न) − झ) च्या व्यस्ताचा (ट − झ) च्या व्यस्ताशी असलेला फरक नॉर्ममध्ये शून्याकडे जात असेल, तर सामान्यीकृत अभिसरण आहे. आणि सामान्यीकृत अभिसरण असेल तर हे घडतेच. एका बिंदूवर तपासले की रिझॉल्व्हंट संचातल्या प्रत्येक बिंदूसाठी ते मिळते. व्यस्त ऑपरेटर परिबद्ध आणि संपूर्ण अवकाशावर व्याख्यात असतात, त्यामुळे हरवलेली वजाबाकी इथे परत मिळते.

बिंदू निवडण्यात थोडी हुशारी लागते. सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटर असतील तर काल्पनिक एकक नेहमी चालतो. सगळे ऑपरेटर धन असतील तर उणे १ घ्यावा, आणि सगळ्यांचे व्यस्त असतील तर ० सर्वात सोपा. वरच्या पहिल्या उदाहरणात ० घेतला की फरकाचा नॉर्म न ÷ (न+१)² एवढा सरळ येतो, दुसऱ्यात १/न.

डोमेन एकच असेल तर आणखी एक जवळची वाट आहे. ट(न) − ट = ब(न) मानून ‖ब(न)क्ष‖ ही संख्या ‘अ(न) गुणिले ‖क्ष‖ अधिक क(न) गुणिले ‖टक्ष‖’ पेक्षा मोठी नाही असे दाखवावे; अ(न) आणि क(न) दोन्ही शून्याकडे गेले की काम झाले. डिफरन्शिअल ऑपरेटरमध्ये सहगुणक थोडे थोडे बदलत असतील तर बहुधा हीच वाट सोयीची ठरते.

फरक नॉर्ममध्ये शून्याकडे जात नसून फक्त प्रत्येक सदिशावर जात असेल, तर त्याला प्रबल रिझॉल्व्हंट अभिसरण म्हणतात. टेलला शून्य भरलेल्या उदाहरणात उणे १ वर नेमके हेच मिळते. सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटरांसाठी या दोहोंतला व्यवहारातला फरक असा: प्रबल रिझॉल्व्हंट अभिसरणात सीमेच्या स्पेक्ट्रममधल्या प्रत्येक बिंदूजवळ ट(न) चा स्पेक्ट्रम येतो, पण जास्तीचे खोटे बिंदूही राहू शकतात, नॉर्म रिझॉल्व्हंट अभिसरणात खोटे बिंदू कोणत्याही मर्यादित भागातून न वाढल्यावर निघून जातात.

सहावी पायरी: आयगेन मूल्ये मोजून घेणे

सामान्यीकृत अभिसरण सिद्ध झाले की त्यातून काय पदरात पडते? सीमेचे एखादे सुटे, सांत गुणकतेचे आयगेन मूल्य घ्या आणि त्याच्याभोवती असे एक वर्तुळ आखा, ज्यावर व ज्याच्या आत स्पेक्ट्रमचा दुसरा बिंदू नाही. त्या वर्तुळावर रिझॉल्व्हंटचे इंटिग्रल घेतले की रीझचे प्रक्षेपण मिळते, ज्याची मिती म्हणजे आत असलेली एकूण गुणकता. वर्तुळावर रिझॉल्व्हंट एकसमान जवळ येत असल्याने ट(न) ची प्रक्षेपणे ट च्या प्रक्षेपणाकडे नॉर्ममध्ये जातात, आणि दोन प्रक्षेपणांमधला फरक नॉर्ममध्ये १ पेक्षा कमी झाला की त्यांच्या मिती सारख्या होतात. म्हणजे न मोठा झाल्यावर वर्तुळाच्या आत ट(न) ची आयगेन मूल्ये गुणकतेसह तेवढीच असतात. ती एकत्र चिकटून राहतील असे मात्र नाही. तिप्पट मूल्य तीन वेगळ्या मूल्यांत फुटू शकते, म्हणून मोजणी नेहमी एकूण गुणकतेची करावी.

काळ मधे आला की आणखी एक अट लागते. टेलला उणे क भरलेले उदाहरण आठवा: रिझॉल्व्हंट नॉर्ममध्ये अभिसरतात, पण ‘ट ने घटत जाणारे’ घातांकी समीकरण ट(न) साठी मांडले तर टेलला घट न होता स्फोटक वाढ होते. ट्रॉटर यांनी १९५८ मध्ये आणि काटो यांनी १९५९ मध्ये जे प्रमेय दिले त्यात म्हणूनच स्थैर्याची अट आहे: सगळ्या ट(न) पासून मिळणाऱ्या सेमीग्रुपांना (सुरुवातीची स्थिती ठरावीक काळानंतर कुठे पोचते ते सांगणाऱ्या ऑपरेटरांना) एकच घातांकी मर्यादा असली पाहिजे. ती असेल तर रिझॉल्व्हंटचे प्रबल अभिसरण आणि सेमीग्रुपचे प्रबल अभिसरण एकमेकांतून मिळतात.

इंटिग्रल समीकरणांसाठी वेगळी वाट

काही वेळा ट परिबद्ध असतो, नॉर्म अभिसरण होत नाही, आणि तरीही आयगेन मूल्ये उत्तम जुळतात. ० ते १ वरच्या संतत फलनांवर ट हा ऑपरेटर फलनाचे इंटिग्रल काढतो आणि त्या किमतीचे स्थिर फलन परत देतो असे माना. ट(न) हा न ठिकाणच्या किमतींची सरासरी देतो. अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटरची नोंद पाहतात, आणि शेत वाहून गेलेला शेतकरी सांगतो की पाऊस सगळीकडे झाला, फक्त मापकावर नाही. गणितातही तसे फलन बनवता येते: सगळीकडे १, पण मोजणीच्या न ठिकाणी बारीक खाच पाडून उणे १. त्याचे इंटिग्रल १ च्या हवे तितके जवळ आणि सरासरी उणे १, म्हणून ट(न) − ट चा नॉर्म प्रत्येक न साठी २ राहतो. पण ट किंवा ट(न) यांपैकी एक आधी लावला की फलन स्थिर होते, खाचा पुसल्या जातात, आणि मग (ट(न) − ट)ट व (ट(न) − ट)ट(न) दोन्ही शून्य येतात.

सर्वसाधारण संतत कर्नलसाठी (कर्नल म्हणजे इंटिग्रल काढण्याआधी फलनाला ज्याने गुणतात ते दोन चलांचे फलन) हे दोन गुणाकार अगदी शून्य नसले तरी नॉर्ममध्ये शून्याकडे जातात. ट(न) चे नॉर्म बांधलेले असणे आणि हे दोन्ही गुणाकार शून्याकडे जाणे, याला (ग्रीक अक्षर ν वरून) न्यू-अभिसरण म्हणतात, आणि शून्येतर सुट्या, सांत गुणकतेच्या आयगेन मूल्यांसाठी ते पुरते. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले बाळमोहन लिमये यांनी मारिओ आउएस आणि आलँ लार्जिलिए यांच्याबरोबर या विषयावर विस्ताराने लिहिले आहे. मोजणीचे सूत्र वापरून इंटिग्रल समीकरण सोडवत असाल तर नॉर्म अभिसरणाच्या मागे लागू नका, हे दोन गुणाकारच तपासा.

‘सामान्यीकृत’ हा शब्द आणखी एका अर्थाने भेटतो. सांख्यिकीय अभिसरणात घनता शून्य असलेले क्रमांक वगळून सीमा पाहतात. १०,००० पर्यंत पूर्ण वर्ग १०० च आहेत, म्हणून फक्त वर्गक्रमांकांवर बिघडणारी क्रमिका या अर्थाने अभिसारी ठरते. धन ऑपरेटरांची क्रमिका सगळ्या संतत फलनांवर एकक ऑपरेटरकडे जाते की नाही हे फक्त १, त आणि त² या तीन फलनांवरून ठरवणाऱ्या कोरोव्हकिन यांच्या कसोटीचे असे रूप गाजिएव्ह आणि ओरहान यांनी २००२ मध्ये दिले. आलेखांमधल्या गॅपशी याचा संबंध नाही, तेव्हा वाचताना दोन्ही अर्थ मिसळू देऊ नयेत.

परभणीच्या प्रश्नाचे उत्तर

एकतारीची तार डोळ्यांसमोर आणा: एक टोक पक्के, दुसरे टोक खुंटीऐवजी न एवढ्या ताठपणाच्या स्प्रिंगला बांधलेले. तो ताठपणा वाढवत नेला की ते टोकही पक्के होते. ट(न) हा स्प्रिंगचा ऑपरेटर, ट हा दोन्ही टोके पक्की असलेला. दोघांचे व्यस्त आहेत, म्हणून बिंदू ० निवडू.

उजव्या बाजूला फलन फ दिले आहे. उणे दुसरा अवकलज बरोबर फ, याचे पक्क्या टोकांचे उत्तर उ माना आणि स्प्रिंगचे उत्तर उ(न). दोन्ही उत्तरांच्या फरकाचा दुसरा अवकलज शून्य आणि डाव्या टोकाची किंमत शून्य, म्हणून तो फरक ग × स असाच असणार, जिथे स हा तारेवरचा बिंदू आणि ग एक स्थिरांक. उजव्या टोकाची अट घातली की उ चा तिथला अवकलज अधिक ग अधिक न × ग बरोबर शून्य मिळते. दोन्ही टोके पक्की असताना उ चा उजव्या टोकाचा अवकलज म्हणजे त × फ(त) चे ० ते १ पर्यंतचे इंटिग्रल, उणे चिन्हासह. तेव्हा ग म्हणजे ते इंटिग्रल भागिले (न + १).

अशा रीतीने दोन व्यस्तांचा फरक म्हणजे फ ला त बरोबर गुणून इंटिग्रल काढणारा, मग स ने गुणणारा आणि (न + १) ने भागणारा, एका मितीचा ऑपरेटर. वर्ग-इंटिग्रल फलनांच्या अवकाशात त्याचा नॉर्म म्हणजे स² चे इंटिग्रल भागिले (न + १), म्हणजेच १ ÷ ३(न + १). तो शून्याकडे जातो, म्हणून ट(न) हे ट कडे सामान्यीकृत अर्थाने अभिसरते. डोमेनच्या छेदात जी वजाबाकी कायम शून्य देत होती ती उत्तरांच्या पातळीवर आली की नेमका फरक सांगते.

व्यस्त सेल्फ-ॲडजॉइंट, धन आणि कॉम्पॅक्ट असल्याने त्यांची क-वी आयगेन मूल्ये परस्परांपासून १ ÷ ३(न + १) पेक्षा जास्त दूर नसतात. न = ९९ घेऊन पडताळा पाहा. पक्क्या टोकांचे पहिले आयगेन मूल्य पायचा वर्ग, म्हणजे सुमारे ९.८७. स्प्रिंगचे पहिले मूल्य, ज्याच्या वर्गमुळाची टॅन त्या वर्गमुळाच्या उणे ९९ व्या भागाइतकी असते, ते सुमारे ९.६७. त्यांचे व्यस्त अनुक्रमे ०.१०१३ आणि ०.१०३४, फरक सुमारे ०.००२१, आणि आपली मर्यादा १ ÷ ३०० म्हणजे सुमारे ०.००३३.